रताळ्यांखालची फणी

१

फणी सापडली ती तिआहोच्या शिदोरीच्या करंडीत, सहा उकडलेल्या रताळ्यांच्या खाली.

मी तेव्हा मिशनच्या शाळेमागे धुणं वाळत घालत होते. पाठीवर बाळ, हातात ओला पलंगपोस. स्वयंपाकघरातून ट्यूक मास्तरांचा आवाज आला. ओरडण्याचा नव्हता तो, उलट नेहमीपेक्षा हळू होता, आणि म्हणूनच मी पलंगपोस गवतावर टाकून आत गेले. बावीस मुली भिंतीला लागून उभ्या होत्या. मेजावर करंडी उपडी केलेली, रताळी घरंगळून इकडेतिकडे गेलेली आणि मधोमध ती कासवाच्या पाठीची तपकिरी फणी. तिच्या एका दाताला रताळ्याची साल चिकटली होती.

तिआहो नऊ वर्षांची. ती रडली नाही. नुसती त्या सालीकडे बघत राहिली, जणू कुणी तिच्या ताटात मेलेला उंदीर आणून ठेवला होता.

फणी आली होती समुद्रापलीकडून, इंग्लंडहून. तिथल्या चर्चमधल्या भल्या बायका न्यूझीलंडमधली एकेक अनाथ माओरी मुलगी निवडायच्या, तिच्या खाण्याकपड्याचा भार उचलायच्या आणि तिला आपलं नाव द्यायच्या. तिआहोच्या वाट्याला मिस ऑगस्टा पेलिंग आल्या होत्या, म्हणून शाळेच्या वहीत तिआहो नव्हतीच, ऑगस्टा होती. वर्षाकाठी बाईंनी स्वतः शिवलेला एक झगा यायचा, जांभळ्या शाईतलं एक पत्र यायचं. यंदा फणीही आली. शाळा सांभाळणाऱ्या हॉबडेबाईंनी ती एकदा तिआहोच्या केसांत खोचून सगळ्यांना दाखवली आणि मोठी होईपर्यंत काचेच्या कपाटात ठेवून दिली. कपाटाची किल्ली तिथेच खिळ्याला असायची.

शनिवारी संध्याकाळी फणी जागेवर होती. सोमवारी सकाळी नव्हती. मास्तर म्हणाले, करंड्या तपासा, आणि चौथ्याच करंडीत ती मिळाली.

निकालही मास्तरांनीच सुचवला. चोर मुलगी बाकीच्यांत ठेवता येत नाही. गुरुवारी होडी खाली जाईल, तिच्यातून हिला बंदराच्या शहरात पाठवावं, एका घरी मोलकरीण हवीच आहे. गार्लंड पाद्री वरच्या गावी लग्न लावायला गेले होते, ते दुपारी परतले आणि सगळं ऐकून मान खाली घालून बसले. त्यांची मान खाली गेली की होकारच समजायचा.

मी बाळाला घट्ट बांधलं आणि सासूकडे पळाले.

२

माझी सासू पिरिहिरा सुईण आहे. निम्मी नदी तिच्या हातांवर जन्मली. पोटातलं मूल आडवं की उभं हे तिला हात लावण्याआधी कळतं, आणि लोक तिच्यापुढे खोटं बोलायला घाबरतात ते याचमुळे. तिला आम्ही सगळे कुई म्हणतो, म्हणजे म्हातारी. हा शब्द आमच्याकडे मानाचा आहे, तिच्या तोंडाकडे बघून तर जास्तच.

ती दारात बसून पाइप ओढत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. शेवटी तिने एकच विचारलं.

"फणी रताळ्यांच्या वर होती की खाली?"

"खाली. साल चिकटली होती."

तिने पाइप खाली ठेवला. जळता पाइप तिने खाली ठेवलेला मी त्याआधी एकदाच पाहिला होता, सासरे गेले त्या दिवशी.

तिआहो तिच्या बहिणीची नात. गोऱ्यांशी झालेल्या लढाईत आमच्या लोकांना नदी सोडून डोंगरात जावं लागलं. पोरीचे आईबाप तिकडेच गेले. ती पाच वर्षांची असताना कुणीतरी तिला मिशनच्या पायरीवर आणून सोडलं आणि वहीत लिहिलं गेलं की हिला जगात कुणी नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही परत आलो तेव्हा पोर आमच्या डोळ्यांसमोर ऑगस्टा म्हणून हाका ऐकत होती. पोर अनाथ म्हणून पेलिंगबाईंच्या नावे करणारा कागद मोडायला पाद्री तयार नव्हते. तिला रविवारी आमच्याकडे पाठवत, एवढंच. रविवार संपवून ती परत जायची तेव्हा मी तिच्याबरोबर करंडी द्यायची. या सोमवारची रताळीही माझ्याच हातची होती.

गुरुवारी ती शहरात गेली असती तर संपलंच. तिथे कोणत्या घरी, कोणत्या नावाने, कोण शोधणार होतं?

कुई तडक पाद्र्यांपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, पोरीने ही चोरी केलेली नाही. डोक्याला लागलेली वस्तू आणि अन्न आमच्याकडे एकत्र येत नाहीत. टोपी जेवणाच्या मेजावर ठेवत नाहीत, उशीवर कुणी बसत नाही, केस पुसायचा पंचा भांड्यांच्या फडक्याबरोबर धूत नाहीत. फणी तिआहोच्या डोक्याला लागलेली. ती स्वतःच्याच अन्नाखाली खुपसेल?

पाद्री दमलेल्या आवाजात म्हणाले की या मुली आता ख्रिस्ती आहेत, जुन्या समजुती मागे पडल्या.

"मीही ख्रिस्तीच आहे, पाद्रीबाबा. रविवारी तुमच्यापेक्षा मोठ्याने गाते. उद्या न्याहारीला मला या मुलींना जेवू घालू द्या. मग तुम्हीच ठरवा काय मागे पडलं आणि काय नाही."

पाद्री हसले. कुईच्या गाण्याबद्दल ते खरंच होतं.

३

मंगळवारी सकाळी कुईने भट्टीतून काढलेली वाफाळती रताळी आणि भाजलेली वाम मासळी भरून मोठी टोपली आणली. त्या वासाने माझ्या पाठीवरचं बाळसुद्धा जागं झालं. मिशनमध्ये रोज पातळ लापशी मिळते, त्यामुळे मुलींचे डोळे टोपलीवरून हलेनात. कुईने टोपली मेजावर ठेवली आणि हॉबडेबाईंकडून मागून आणलेली फणी अलगद वरच्या रताळ्यावर टेकवली.

"खा गं पोरींनो," ती म्हणाली आणि बाकावर बसली.

कुणी हललं नाही. सगळ्यांत धाकटी पाच वर्षांची, जी रोज आपली थाळी चाटून वर शेजारणीचीही चाटते, तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. स्वयंपाकात मदत करणारी चौदा वर्षांची रोका तर पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे सरली. हॉबडेबाई लालबुंद होऊन म्हणाल्या, अहो, काढा ती, एवढं अन्न फुकट गेलं.

ट्यूक मास्तर पाद्र्यांशेजारी दारात उभे राहून घड्याळ बघत होते. त्यांना धड्याला उशीर होत होता. ते पुढे आले, फणी उचलली, शेजारच्या पावाच्या ताटात ठेवली आणि वरचं रताळं घेऊन त्याचा घास घेतला.

"झालं नाटक?" त्यांनी विचारलं.

बावीस मुली त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. आपण काय केलं हे त्यांना चावून गिळेपर्यंतही कळलं नाही.

मुलींना लापशी मिळाली. टोपली कुईने पुरून टाकली. मग पाद्र्यांपाशी जाऊन बसली. पाद्री हुशार नाहीत पण प्रामाणिक आहेत. ते म्हणाले, मुलीने केलं नाही हे मला पटलं. पण मास्तरांनी केलं असं थोडंच ठरतं? ते रताळं मीही खाल्लं असतं.

"खाल्लं असतं. पण तुम्ही शनिवारपासून वरच्या गावी होता. मागे उरली दोन गोरी माणसं. हॉबडेबाईंना इथे तीन वर्षं झाली. या माझ्या सुनेने, रुइहाने, इथे कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना धुण्याच्या दोन बादल्या वेगळ्या करायला लावल्या, तेव्हापासून बाई आमच्याहून कडक झाल्या. आज ओरडल्या त्या कशाला? मास्तर दहा वर्षं इथे आहे. दहा वर्षांत तो एकदाही कुणाबरोबर जेवलेला नाही. ताट खोलीत नेतो."

एक सज्जन शिक्षक नऊ वर्षांच्या मुलीवर असा आळ का घेईल, याचं उत्तर पाद्र्यांना हवं होतं. ते मिळालं नाही तर मास्तरांच्या शब्दाविरुद्ध ते जाऊ शकत नव्हते. होडी गुरुवारी सकाळीच येणार होती.

बाहेर आल्यावर मी कुईला म्हटलं, निम्मं तर सुटलं.

"बाळंतपण निम्मं सुटलं असं म्हणतात का गं?" कुई म्हणाली. "चल. रोकाला बोलव."

४

रोकाला कुणी पालक-बाई मिळाली नव्हती. झगा नाही, पत्र नाही, फणी तर नाहीच. तिआहोवर आळ आल्यावर तिला बरं वाटलं होतं, आणि हे तिने रताळ्यांच्या साली काढत, वर न बघता, आपणहून सांगून टाकलं. मग रडली. कुईने तिला रडू दिलं आणि म्हणाली, बरं वाटणं हा काही गुन्हा नाही, तुलाही कुणी झगा पाठवायला हवा होता.

होडीवरचं टपाल आणण्याचं काम रोकाकडे असे. या महिन्यात काय काय आलं, असं कुईने सहज विचारलं. रोकाला सगळं आठवत होतं, कारण आपल्याला कधीतरी काही येईल म्हणून ती प्रत्येक पाकीट उलटून बघायची.

"इंग्लंडची गोणी महिन्याच्या सुरुवातीला आली, मोठ्या जहाजावरची. तिच्यात पेलिंगबाईंचं काही नव्हतं. त्यांचं पत्र गेल्या बुधवारी आलं, जांभळ्या शाईतलं. मास्तरांच्या नावावर होतं."

"गेल्या बुधवारी जहाज आलं होतं?"

"नाही. नुसती आपली होडी. शहराची थैली होती."

कुईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. बाळाने माझा कान ओढला आणि मला उलगडलं. इंग्लंडचं पत्र जहाजाच्या गोणीतून येतं. शहराच्या थैलीतून येणारं पत्र शहरातच टाकलेलं असणार.

म्हणजे पेलिंगबाई या देशात होत्या.

"पाद्र्यांना माहीत नाही," मी म्हटलं. "माहीत असतं तर आत्तापर्यंत कुंपणाला रंग लावायला घेतला असता."

बुधवारी पत्र. रविवारी फणी गायब. गुरुवारी पोर होडीत. बाई येण्याआधी मास्तरांना तिआहो इथून हलवायची होती, एवढं स्पष्ट झालं. पण त्या बाईंनी तिआहोला बघितलं तर असं काय बिघडणार होतं?

५

बुधवारी हॉबडेबाई इस्त्रीखोलीत भेटल्या. मास्तरांविरुद्ध त्या एक शब्द बोलायला तयार नव्हत्या. उलट चांगलंच सांगत होत्या. मुलींच्या वतीने इंग्लंडला सगळी पत्रं तेच लिहितात, किती गोड लिहितात. दर वसंतात कबरस्तानातली एक कबर स्वतः गुडघ्यावर बसून साफ करतात. कुणाची म्हणून विचारलं तर सांगत नाहीत.

कुई ऐकत होती. माझं लक्ष मात्र बाईंच्या हातातल्या झग्याकडे गेलं. तिआहोचा यंदाचा निळा झगा. बाई त्याच्या खालच्या काठाला चौथी चूण घालत होत्या.

हे दरवर्षीचंच होतं. पेलिंगबाईंचा झगा मोठा यायचा. खांदे उतरायचे, बाह्या हातावरून खाली लोंबायच्या. हॉबडेबाई चुणा घालायच्या, मी धुताना त्या सांभाळायची. तिकडच्या बायकांना आपल्या पोरांचा अंदाज नाही, असं म्हणून आम्ही हसायचो. पण आई झाल्यापासून माझी नजर बदलली आहे. जिने इतकी वर्षं एका मुलीसाठी टाके घातले, ती दर वर्षी चुकेल? तेही सारख्याच मापाने?

मी झगा हातात घेतला आणि चुणा बोटांनी सोडवल्या. मोठा नव्हता तो. अगदी बेतशीर होता, बारा वर्षांच्या मुलीला.

"कुई," मी म्हटलं, "बाईंचा अंदाज बरोबर आहे. मुलगी चुकीची आहे."

सासूने माझ्याकडे असं बघितलं की तेवढ्यासाठी मी आणखी दहा वर्षं मिशनचे पलंगपोस धुतले असते.

तिआहोला आम्ही तिच्या खोलीत गाठलं. तिची पेटी बांधून ठेवलेली होती. कुईने तिला मांडीवर घेतलं आणि विचारलं, तू इथे आलीस त्या दिवसाचं काय आठवतं? पोर विचार करून सांगू लागली. शाळा रिकामी होती. तापाची साथ नुकतीच गेली होती, उरलेल्या मुलींना त्यांचे लोक घेऊन गेले होते. एकटे मास्तर होते, पाद्रीबाबा अजून आले नव्हते. त्यांनी तिला एक झगा दिला, धुतलेला, कोपरावर झिजलेला. गळ्याशी टाक्यांनी नाव भरलेलं होतं. ते म्हणाले, हे तुझं नाव.

"झिजलेला होता?" कुईने विचारलं.

"हो. कुणीतरी खूप वापरलेला. कुई, मला उद्या होडीत बसवणार का?"

कुईने तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. उत्तर दिलं नाही, कारण तिला खोटं बोलता येत नाही.

कबरस्तानात तापाच्या वर्षाच्या सहा कबरी आहेत. पाचांवर नावाच्या फळ्या होत्या. सहावी सगळ्यांत आखूड, सगळ्यांत स्वच्छ, कडेला पिवळी फुलझाडं लावलेली. तिच्यावर फळी नव्हती.

"नाव कुठून लिहील?" कुई हळूच म्हणाली. "ते तर त्याने जिवंत पोरीला देऊन टाकलं."

६

गुरुवारी होडीची शिट्टी झाली तेव्हा आम्ही धक्क्यावर होतो. पाद्री, हॉबडेबाई, मुली, आणि नदीकाठच्या आमच्या बायका, ज्यांना कुईने काहीही न सांगता बोलावलं होतं. ट्यूक मास्तर एका हातात तिआहोची पेटी आणि दुसऱ्या हातात तिआहोचा हात धरून उतरले.

कुई त्यांच्या आडवी आली नाही. बाजूला उभी राहून तिने साध्या आवाजात, हिशोबाने एकेक गोष्ट पाद्र्यांना सांगितली. रताळी. शहराच्या थैलीतलं पत्र. बारा वर्षांच्या मुलीचा झगा. झिजलेलं कोपर. बिननावाची कबर. तापाच्या वर्षी इथे असलेलं आज उरलेलं एकच माणूस. मग ती मास्तरांकडे वळली.

"पहिली ऑगस्टा मेली, मास्तर. तू ते कळवलं नाहीस. दुसरी तिच्या झग्यात घातलीस. आता ती बाई येते आहे. ती बारा वर्षांची मुलगी शोधणार आणि तिला नऊ वर्षांची दिसणार. म्हणून दिसूच नये, असं ठरवलंस."

मला वाटलं मास्तर चिडतील. त्यांनी पेटी खाली ठेवली. कोटाच्या आतल्या खिशातून जांभळ्या शाईचं पाकीट काढलं आणि पाद्र्यांच्या हातात दिलं. बाई शनिवारच्या होडीने येत होत्या.

मग ते बोलले. ती मुलगी आठ वर्षांची होती. ती गेल्यावर ते कळवायला बसले होते, तेवढ्यात बाईंचं पत्र आलं. खोकल्यावर काय द्यावं ते लिहिलं होतं, पायमोज्यांचं माप विचारलं होतं. त्यांच्या हातून खरं लिहिलं गेलं नाही. पुढच्या महिन्यात पायरीवर तिआहो आली. तेव्हापासून चार वर्षं ते ऑगस्टा होऊन पत्रं लिहीत होते, आणि उत्तरं वाचत होते.

"मला कधी कुणी असं पत्र लिहिलं नव्हतं," ते म्हणाले.

मास्तरांची दया आली, हे लपवत नाही. कुईलाही आली असावी. पण तिने आधी त्यांच्या मुठीतून तिआहोचा हात सोडवून घेतला.

"तुला पत्रं हवी होती ते समजलं. पण त्याच्यासाठी माझी पोर चोर ठरवलीस. त्या दुसऱ्या पोरीचं खरं नाव काय होतं? ते तरी विसरला नाहीस ना?"

"हिनेपुआ," मास्तर ताबडतोब म्हणाले. "समुद्राकडच्या लोकांतली."

पाद्र्यांनी मान वर केली. मला वाटतं त्या वर्षातली पहिलीच वेळ. म्हणाले, होडीत एक जागा राखलेली आहे, ती रिकामी जायला नको. मास्तर आपली पेटी आणायला गेले. आमच्या एका बाईने त्यांच्या हातात वाटेसाठी रताळी ठेवली. आमच्याकडे कुणाला उपाशी पाठवत नाहीत, तसल्या माणसालाही.

बायकांनी तिआहोला एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असं हातोहात पोटाशी धरलं. होडी वळणाआड गेली तरी तिचे पाय जमिनीला लागले नव्हते.

पण कागद अजून होता. पेलिंगबाईंनी म्हटलं असतं तर त्या कागदाच्या जोरावर ती पोर त्यांच्याबरोबर इंग्लंडलाही गेली असती.

७

शनिवारी उतरल्या त्या पेलिंगबाई चिमणीएवढ्या होत्या. साठीच्या, होडी लागून पिवळ्या पडलेल्या, टोपी वाकडी झालेली, कुशीत कागदात गुंडाळलेला झगा. त्या मुलींच्या रांगेकडे आल्या आणि त्यांची नजर उंच मुलींवरून फिरू लागली. रोकापाशी थांबली, पुढे गेली. तिआहोवरून ती नुसती सरकली.

पाद्री घसा खाकरत होते. त्यांना सुरुवात सापडत नव्हती. तेव्हा तिआहो रांगेतून बाहेर आली. आमच्यात इंग्रजी तिच्याइतकं चांगलं कुणालाच येत नव्हतं, मास्तरांनी शिकवलेलं होतं ना. तिने हात बाजूला सरळ ठेवले आणि सांगितलं की तुम्ही जिला शोधता ती हिनेपुआ, ती चार वर्षांपूर्वी तापाने गेली. मी तिआहो. तिचं नाव मी घातलं होतं. झगे मला मोठे होत होते, पण उबदार होते.

बाई खाली बसल्या, तिथेच, चिखलात. आणि तेव्हा कबरस्तानाच्या चढावरून कुईची हाक आली, मेलेल्या माणसाच्या पाहुण्यांना घालतात ती लांब, उंच हाक. डोक्याला हिरव्या पानांची कडी बांधून आमच्या बायका उभ्या होत्या. मी बाईंना उठवलं. आम्ही त्यांना मधोमध घेऊन चढाने नेलं आणि हिनेपुआसाठी रडलो, जसं रडायला हवं तसं, मोठ्याने, घाई न करता. बाई आधी हातरुमाल तोंडावर दाबत होत्या. मग त्यांनी तो सोडून दिला. जिला कधी मांडीवर घेतलं नाही अशा मुलीसाठी त्या रडल्या, आणि नंतर सांगितलं की आई गेली तेव्हाही त्यांना असं रडू दिलं नव्हतं.

पाद्र्यांनी स्वतः फळी ठोकली. समुद्राकडे माणूस रवाना झाला, तिच्या लोकांना आणायला.

संध्याकाळी सगळे कुईच्या अंगणात जेवायला बसले. बाईंनी टोपी काढून मेजावर ठेवायला हात नेला, बावीस मुलींचा श्वास अडकला, आणि हॉबडेबाईंनी ती वरच्यावर झेलली. मग बाईंनी तो कागद बाहेर काढला. त्या तिआहोला विचारू लागल्या, इथे तुला कोण आहे? कागदात तर लिहिलंय की कुणीच नाही.

तिआहोने आमच्या भाषेत कुईला विचारलं. कुई मोजू लागली. आजीची बहीण म्हणजे मी. ही माझी सून रुइहा. हे तिचं बाळ, म्हणजे तिआहोचा भाऊ. ती पलीकडची, तिची आई हिच्या आजोबांची चुलतबहीण. ती कडेची, तिच्या दुधावर हिची आई वाढली. तिआहो भराभर इंग्रजीत सांगत होती. विसाव्या नावाला बाईंनी हात वर केला आणि हसल्या. त्यांना हसताना आम्ही प्रथमच पाहिलं. कागदावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि तो पाद्र्यांकडे दिला. तिआहोने कुईच्या घरी राहायचं, दिवसा शाळेत जायचं, आपल्या नावाने.

कुईचं मात्र संपलं नव्हतं. तिने तिआहोला सांगितलं, आता बाईंना विचार, तुम्हाला कोण कोण आहे?

बाईंनी विचार केला. आईवडील नाहीत. भाऊबहीण नव्हतीच. एक मांजर होती, ती निघायच्या आधी गेली.

कुईने पाइप तोंडातून काढला आणि आम्हा सगळ्यांकडे वळली.

"ऐकलंत ना? बाई अनाथ आहे. आपल्यालाच सांभाळावी लागणार."

कुणीही हसलं नाही. अशा गोष्टीवर आमच्याकडे हसत नाहीत. कोण तिला निजायला जागा देणार, कोण पांघरूण विणणार, यावर लगेच भांडणं सुरू झाली. मी पांघरूण जिंकलं.

बाई अकरा आठवडे राहिल्या. रताळी सोलताना निम्मं रताळं सालीबरोबर टाकायच्या. रोकाला त्यांनी आणलेला झगा उसवून, वाढवून दिला, आणि तो तिला असा बसला की रोका तीन दिवस कुणाशी नीट बोलली नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी गावाने त्यांना एक नाव दिलं. नदीवर उशिरा येऊन दिवसभर थांबणाऱ्या एका लहान पक्ष्याचं ते नाव आहे.

धक्क्यावर निरोप देताना कुईने त्यांच्या नाकाला नाक लावलं आणि तिआहोकरवी बजावलं, वर्षातून एकदा पत्र आलंच पाहिजे. तब्येत कशी, जेवण जातं का, सगळं खरं लिहायचं. आणि एक फोटो पाठवायचा. मूल परमुलखात कसं वाढतंय, ते इथल्या माणसांना कळायला नको का?